परप्रांतीय भाडेकरूंना रक्ततपासणीचा दाखला सक्तीचा करावा का?

फोंडा तालुक्यातल्या एका पंचांनी विचारले आहे: गावात भाड्याच्या खोल्या वाढल्या, त्यांत कर्नाटक, झारखंड, ओडिशाकडची माणसे राहतात. गेल्या पावसाळ्यात वाड्यावर डेंगीचे रुग्ण निघाले, दोघांना हिवताप झाला, एका खोलीत क्षयरोगी सापडला. आता ग्रामसभेत ठराव येतो आहे की रक्ततपासणीचा दाखला आणल्याशिवाय परप्रांतीयाला कोणी खोली देऊ नये. आरोग्याच्या दृष्टीने याचा उपयोग होईल का, आणि जगात इतरत्र अशा वेळी काय करतात?

मी आरोग्य सेवेत आयुष्य काढले. त्यातला मोठा भाग हिवतापाच्या कामात, बांधकामाच्या साइटी आणि भाड्याच्या चाळी पालथ्या घालण्यात गेला. थोडक्यात सांगायचे तर हा ठराव आणू नका. डेंगीवर त्याचा काडीचाही परिणाम होणार नाही, हिवताप त्यातून निसटेल आणि क्षयरोगी लपून बसेल. मात्र ठराव मांडणाऱ्यांना संकुचित म्हणून झटकूनही टाकू नका. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि ते नेमके कुठे आहे हे कळले तर पुढचे काम सोपे होते.

डेंगीचे आधी उरकतो. डेंगी पसरवणारा एडिस डास गावचाच. तो दिवसा चावतो, जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाही आणि त्याला घराच्या आसपास साठलेले पाणी लागते. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, माडाखाली पडलेल्या करवंट्या, गॅरेजबाहेरचे टायर, पिंपावरचे नीट न बसणारे झाकण. विषाणू माणसाच्या अंगातून गावोगाव फिरतो हे खरे, पण तो म्हापशाला लग्न जेवून आलेल्या तुमच्या भाच्याच्या अंगातूनही येतो. भाडेकरू पिंप भरून ठेवतो कारण त्याच्या नळाला पाणी दिवसाआड येते. त्या पिंपाला झाकण का नाही हा प्रश्न भाडे घेणाऱ्याला विचारा.

हिवतापाचे तसे नाही. तिथे परप्रांतातून येणाऱ्या माणसाचा संबंध खरोखरच येतो. गोव्यात हिवताप एके काळी नगण्य झाला होता. १९८६ च्या सुमारास पणजीत तो पुन्हा उसळला आणि पुढे मडगाव, म्हापसा, वास्को, कांदोळी असा पसरला. तेव्हा इमारतींची लाट आली होती. ज्या भागांत हिवताप ठाण मांडून होता तिथून मजूर येत होते. आणि ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा शहरात, स्वच्छ पाण्यात वाढणारा डास इथे होताच. परजीवी माणसाबरोबर आला, डास इथला, आणि पाणी साठवले बांधकामाने. या तिन्हींपैकी एक जरी नसते तरी साथ झाली नसती. पण गावात बोलताना आपण पहिल्या गोष्टीवर बोट ठेवतो, कारण तिला चेहरा असतो. पाण्याला चेहरा नसतो, आणि पाणी साठवणारा बहुधा ओळखीचा निघतो.

ते पाणी कुठे असते ते सांगतो, म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन पाहाल. स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट-रेतीचे दोन-तीन बोटे उंचीचे बांध घालून वाफे करतात आणि त्यांत पाणी सोडून ठेवतात. साइटवर याला क्युरिंग म्हणतात. हे पाणी दहा-चौदा दिवस राहते. आपल्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे स्लॅब पक्का होतो तोवर डासांची एक पिढी उडून गेलेली असते. खाली लिफ्टच्या खड्ड्यात पाणी तुंबलेले, बाजूला चिऱ्यांची तात्पुरती टाकी, वर उघडी सिंटेक्स. बॅटरी तिरकी धरून पाण्याच्या कडेला पाहा. एडिसच्या अळ्या डोके खाली घालून लोंबकळतात. ॲनोफिलिसच्या अळ्या पाण्याच्या पातळीला समांतर आडव्या पडून असतात, हात लावला की बाजूला सरकतात. हा डास रात्री चावतो, आणि मजूर झोपतो त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे अजून खिडक्या बसलेल्या नाहीत.

उपाय फारसा महाग नाही. आठवड्यातून एक दिवस वाफे सुकवायचे, लिफ्टचा खड्डा उपसायचा, टाक्यांना झाकण घालायचे, जे पाणी काढता येत नाही त्यात गप्पी मासे सोडायचे. पणजीत राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचे क्षेत्रीय केंद्र होते, त्यांच्या कामातून मासे आणि अळ्या मारणारा जिवाणू या दोन्ही गोष्टी इथे आजमावून झालेल्या आहेत. जिथे इंजिनियरने हे मनावर घेतले तिथे फरक पडलेला मी पाहिला आहे. जिथे फक्त मजुरांची नावे लिहून घेतली गेली तिथे दोन महिन्यांनी पुन्हा ताप.

आता तुमचा दाखला. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो. तेव्हा रक्तात काही नसते, रक्तपट्टी निगेटिव्ह येते, आणि काही आठवड्यांनी, कधी कधी आठ-नऊ महिन्यांनी तो उठतो. फॅल्सिपॅरम या दुसऱ्या जातीचा परजीवी असलेला डास गावी चावला असेल तर ताप यायला साधारण नऊ ते चौदा दिवस लागतात. जसीडीहहून येणाऱ्या गाडीतून वास्कोला उतरलेल्या पोराची त्याच दिवशी तपासणी केली तर तोही निगेटिव्ह निघेल. घरमालकाच्या हातात मात्र शिक्क्याचा कागद आला, म्हणजे गावाची खात्री झाली. त्यानंतर पोराला थंडी वाजून ताप आला की ‘याचा तर दाखला आहे’ म्हणून कोणी केंद्रावर पाठवणार नाही. या खोट्या निर्धास्तपणाची मला जास्त धास्ती वाटते.

तुम्ही म्हणाल, मग सरकारच मजुरांना हेल्थ कार्ड का देते? बरोबर आहे. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन बांधकामावरच्या मजुरांसाठी ते आले आणि माझ्या मते ते चांगलेच आहे. पण त्याचा जीव तपासणीच्या शिक्क्यात नाही. कार्ड काढायच्या निमित्ताने माणूस केंद्राच्या यादीत येतो, तो कुठल्या साइटवर आहे हे कळते, ठेकेदाराचे नाव कागदावर येते, ठरावीक मुदतीने पुन्हा रक्त घेतले जाते. जबाबदारी ठेकेदारावर पडते. तेच कार्ड पोलिसाने किंवा घरमालकाने दारात मागायला सुरुवात केली की त्याची बनावट निघते, किंवा एकाच्या कार्डावर तिघे राहतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

खरी अडचण त्यापुढे येते, ती म्हणजे उपचार पूर्ण करणे. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. ताप उतरतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यकृतातला परजीवी मरतो चौदा दिवसांच्या गोळ्यांनी. एका सेंट्रिंगच्या मुकादमाने मला विचारले होते, “डॉक्टरसाब, बुखार तो गया, अब गोली किसलिए?” प्रश्न रास्त होता. पाचव्या दिवशी त्याची टोळी पर्वरीहून वेर्ण्याला गेली, तिथले काम संपले की काणकोणला. आमच्या रजिस्टरमध्ये रुग्ण ‘सापडत नाही’ असा शेरा. रुग्ण कुठेच गेलेला नव्हता, तो कामाच्या मागे गेला होता, आणि आमची हद्द मात्र तालुक्याच्या सीमेवर थांबत होती.

याला आम्ही शोधलेली वाट साधी होती. मजुराऐवजी मुकादमाचा फोन लिहून घ्यायचा, कारण मजूर सिम बदलतो, मुकादम बदलत नाही. उरलेल्या सगळ्या गोळ्या सोबत द्यायच्या, पाकिटावर रोजच्या चौकटी आखून. पुढच्या केंद्राला त्याच दिवशी कळवायचे. आणि एक सूचना त्याच्या भाषेत तोंडी सांगायची: लघवी गडद काळसर झाली तर गोळी थांबव आणि लगेच ये. काही जणांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते, त्यांना हे औषध बाधते. ही सूचना कन्नडमध्ये किंवा हिंदीत सांगणारे कोणी केंद्रावर नसेल तर नुसती गोळी देणे धोक्याचे आहे. गरोदर बाईला तर हे औषध द्यायचेच नसते, म्हणजे तो प्रश्न विचारायलाही भाषा हवी.

क्षयरोगाकडे वळतो. इथे तुमचा ठराव नुसता निरुपयोगी राहणार नाही, नुकसान करील. रक्ततपासणीत फुप्फुसाचा क्षय कळत नाही. बेडक्याची तपासणी लागते, छातीचा एक्स-रे लागतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की खोकला सांगितला तर खोली जाणार हे ठाऊक असलेला माणूस खोकला सांगत नाही. तो औषधाच्या दुकानातून सिरप घेतो, महिना-दोन महिने ढकलतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सोबतचे सात-आठ जण तीच हवा घेत राहतात. खिडकी बंद, कारण बाहेर गटार आणि डास. घरमालक माणशी भाडे घेतो, म्हणून डोकी वाढत जातात. आणि ही गर्दी अशीच राहिली तर अगदी निरोगी माणसेसुद्धा त्या खोलीत वर्षभर राहून आजारी पडतील.

उपचार किमान सहा महिन्यांचे, औषध सगळीकडे फुकट. निक्षय या राष्ट्रीय नोंदणीत रुग्णाचा क्रमांक असतो, तो घेऊन त्याला गदगला किंवा रांचीला पाठवता येते. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण पैसे बँकेच्या खात्यात येतात, खाते गावच्या शाखेत, आणि आधारला जोडलेला फोन नंबर कधीच बंद पडलेला. हे नीट करायला आरोग्य कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस जातो. पंचायतीला मदत करायची असेल तर इथे करता येते: पत्त्याचे पत्र द्या, बँकेत ओळख द्या. याने बरा होणारा क्षयरोगी तुमच्या शाळेतल्या मुलांसाठी हजार दाखल्यांपेक्षा कामाचा.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्या घराघरांतून माणसे आखातात गेली आहेत. तिकडे जायच्या आधी मेडिकल होते, आणि छातीच्या एक्स-रेत जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी ‘अनफिट’ शेरा बसतो. माणूस रोगी नसतो, कुणाला लागण करू शकत नाही, तरी नोकरी गेली. मडगावच्या एका कुटुंबात मी हे जवळून पाहिले. पोराला वाटले की औषध घेतल्याचे कुठे नोंदले गेले म्हणून हे झाले, आणि त्याच्या धाकट्या भावाने खोकला महिनाभर घरात कोणाला सांगितला नाही.

सक्तीने कोंडून ठेवण्याचा प्रयोग गोव्याने आधी केलेला आहे, हे ग्रामसभेत जरूर सांगा. १९८९ साली डॉमनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाच्या दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकट्याला ठेवले. आपल्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद केलेली होती, आणि त्याच्या आईने दाद मागितल्यावर उच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. पुढे कायदा सौम्य झाला. डॉमनिकने सुटल्यावर एचआयव्हीबाधितांसाठी संस्था काढली, १९९२ मध्ये तो वारला. तो काही ‘भायला’, म्हणजे बाहेरचा, नव्हता. कोंडण्याचा अधिकार एकदा दिला की तो घरच्यावरही चालतो. आज एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने संमतीशिवाय चाचणी आणि घर नाकारणे या दोन्हींना मनाई केली. तुमच्या ठरावात ‘रक्ततपासणी’ एवढेच लिहिले आहे, कसली ते लिहिलेले नाही. कुठलीशी लॅब सगळ्याच चाचण्या करून देईल आणि पंचायत अडचणीत येईल. शिवाय राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. असा ठराव न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही.

जगात काय होते हे तुम्ही विचारले. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगचा संशय आला तेव्हा चायनाटाउनला दोर बांधून वेढा घातला, आणि त्याच वेढ्यातली गोऱ्यांची घरे मात्र बाहेर ठेवली. न्यायालयाने ते रद्द केले. न्यायालयाचे एक निरीक्षण आरोग्यवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे: हजारो निरोगी माणसांना रोगाबरोबर एकत्र कोंडले तर रोग वाढतो. १२० वर्षांनी सिंगापूरने करोनाची पहिली लाट वाहवा मिळेल अशी अडवली, पण परदेशी मजुरांची वसतिगृहे नजरेबाहेर राहिली. एका खोलीत दहा-वीस खाटा, सामाईक न्हाणीघर. एप्रिल २०२० मध्ये तिथे आजार भडकला आणि त्या वर्षी देशातल्या बहुतेक रुग्णांची नोंद तिथलीच झाली. मजुरांनी तो विमानातून आणला नव्हता, शहरातून त्यांच्यापर्यंत पोचला आणि खाटांच्या दाटीत पसरला.

आपल्याकडेही तेच. २५ मार्च २०२० ला गोव्यातले पहिले तीन रुग्ण सापडले, तिघेही परदेश प्रवास करून आलेले. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगूर हिलवर लागण दिसली, तो भाग बंद केला, आणि तिथून बायणा, झुआरीनगरपर्यंत प्रत्येक चाळीकडे बोट दाखवणे सुरू झाले. मांगूरचा पत्ता सांगितला की माणसाला कामावर घेईनात. परिणाम काय झाला? लोकांनी पत्ता खोटा सांगायला सुरुवात केली, आणि संपर्क शोधणाऱ्या आमच्या पोरांचा दिवस खोट्या पत्त्यांमागे जाऊ लागला. त्याच सुमाराला आपलेच खलाशी परदेशी जहाजांवर अडकून पडले होते आणि त्यांच्या घरचे सरकारला त्यांना आणा म्हणून विनवत होते. ते आले तेव्हा काही वाड्यांवर त्यांनाही लोक बिचकले. बाहेरून येणारा तो परका, मग तो जन्माने शेजारी का असेना.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण कुटबण जेटीचे. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्टमध्ये ट्रॉलर सुटतात आणि झारखंड, ओडिशा आणि इतर राज्यांतले खलाशी जेटीवर येतात. झोपणे, जेवणे ट्रॉलरवरच. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीला तिथे कॉलरा पसरला, काही खलाशी दगावले. शौचालये तोकडी, पिण्याचे पाणी भरवशाचे नाही, शौच खाडीत आणि भांडी धुणे त्याच काठावर. कॉलऱ्याची लागण झाली की काही तासांत ते पाच दिवसांत जुलाब सुरू होतात. गावाहून निघताना काढलेल्या दाखल्याने हे कसे कळणार होते? तिथे पाण्यात क्लोरीन, शौचालये आणि पहिल्या जुलाबाला ओआरएस हवे होते. माणूस मरतो तो शरीरातले पाणी गेल्याने, आणि ते भरून काढणे ही वैद्यकातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. जेटीवरचा मासा मात्र आपण सगळे खातो.

एक उलटी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. इथे येणारा मजूर बहुधा अठरा ते पस्तीसचा, धडधाकट असतो. दुबळा माणूस दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून सळई वाकवायला येत नाही. इथे तो उंचावरून पडतो, खडीच्या क्रशरवर धूळ फुप्फुसात घेतो, हिवताप काढतो. आणि काम झेपेनासे झाले की गावी जातो. म्हणजे आजार आपण इथून बाहेर पाठवतो, आपल्या आकडेवारीत तो दिसतही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी हेच शंभर वर्षे केले. लेसोथो, मोझांबिकमधून माणसे आणली, खडकाची धूळ आणि क्षय घेऊन ती गावी परतली, मेली तीही तिकडेच. खाणवाल्यांना याचे पैसे मोजायला २०१८ उजाडावे लागले, तेव्हा ५ अब्ज रँडची तडजोड झाली. आपल्या राज्यात खडी फोडणाऱ्या माणसाचा एक्स-रे कोण काढतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारून पाहा.

आपण मराठी माणसांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढा संताप उसळला होता. तिकडच्या माणसाला बांबोळी घरची वाटते. अवघड बाळंतपण, अपघात, साप चावला, पहिली धाव बांबोळीला. पेडणे आणि बांदा यांच्यामध्ये सोयरिकी आहेत, देव एकमेकांना भेटायला जातात, पण इस्पितळाच्या खिडकीवर एक जण आतला ठरला आणि एक बाहेरचा. गोव्याच्या करदात्याने सगळ्यांचा खर्च का सोसावा, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. गुडघा बदलायचा असेल, मोतीबिंदू काढायचा असेल, तर शुल्क असो, पाच वर्षांच्या वास्तव्याची अट असो. दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेला ती आहेच. पण ताप, खोकला, जुलाब, लसीकरण आणि गरोदरपण यांना पत्ता विचारायचा नाही. यात दयेचा प्रश्न येत नाही. हिवतापाचा परजीवी अंगात असलेला माणूस पैशांमुळे परत गेला तर त्याला चावलेला डास पुढे तुमच्याच खिडकीत येणार आहे.

सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचे उदाहरण सोबत ठेवा. २०१५ पासून वाळपई भागात तो दिसू लागला, पुढे बांदा परिसरात. काजू गोळा करायला रानात जाणाऱ्या आपल्याच माणसांना गोचीड चावली. तेव्हा कोणी काजूवाल्यांच्या येण्याजाण्यावर बंदी मागितली नाही. अंगाला तेल लावा, लस घ्या, मेलेले माकड दिसले तर कळवा, एवढेच सांगितले आणि तेच योग्य होते. आजारी माणूस आपला असला की आपण रोगाचा विचार करतो. परका असला की माणसाचाच विचार करतो.

तर ठराव आणायचाच असेल तर असा आणा. खोली भाड्याने देणाऱ्याने किती डोक्यांमागे एक शौचालय, पाण्याच्या टाकीला झाकण, उघडणारी खिडकी आणि डोक्यांची कमाल मर्यादा पाळावी, आणि पंचायतीने घर-परवान्याच्या वेळी ते पाहावे. हा अधिकार पंचायतीचा आहे, तो वापरा. बांधकामाच्या परवान्याला अट घाला की आठवड्याचा कोरडा दिवस पाळला जाईल आणि ठेकेदार मजुरांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला देईल. यादी केंद्राला द्यायची, पोलिस चौकीला नाही. हे दोन कागद एकत्र केले की दोन्ही बिघडतात. भाडेकरूच्या पोलिस पडताळणीचा वेगळा नियम आहे, तो वेगळाच राहू द्या. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ पासून बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो, वर्षात ९० दिवस काम केलेला मजूर नोंदणी करू शकतो. तुमच्या गावातल्या किती जणांची झाली आहे ते कामगार खात्याला विचारा.

केंद्राला तुम्ही मागायच्या गोष्टी वेगळ्या. आठवड्यातून एक संध्याकाळची ओपीडी, कारण सकाळच्या ओपीडीला आला तर रोज बुडतो. बाजाराच्या दिवशी चाळीजवळ लसीकरण, कारण आई कामावर असताना मुलाला घेऊन येणारे कोणी नसते. कन्नड बोलणारी एक तरी बाई. ती तुमच्या गावातच सापडेल, दहावी झालेली, दुसऱ्या पिढीची, मराठीही सफाईने बोलणारी. गर्भवती सातव्या महिन्यात माहेरी जायला निघते तेव्हा तिचे माता-बाल कार्ड भरून तिच्या हातात द्यायला लावा. रेशनकार्डाची गोष्टही सांगा: जानेवारी २०२० पासून गोवा ‘एक देश एक रेशनकार्ड’मध्ये आहे, गावचे कार्ड इथे चालते, पण बऱ्याच जणांना ते ठाऊक नसते. पोटभर खाणाऱ्याला क्षय कमी होतो, हे वैद्यकातले जुने सत्य आहे.

उरला राग. तो मी नाकारत नाही. जमीन बाहेरच्यांकडे जाते आहे, पोरांना घर घेणे परवडत नाही, मतदारयाद्यांत नवी नावे चढतात, वाड्यावर ओळखीचे आवाज कमी होत चालले आहेत. हे सगळे बोलण्याजोगे आहे आणि ग्रामसभा त्यासाठीच आहे. पण जमीन विकत घेणारा दिल्लीवाला आणि तुमच्या चाळीतला गदगचा गवंडी ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिल्याकडे रक्ताचा दाखला मागायची कोणाची छाती नाही, आणि दुसऱ्याने तो दिला म्हणून जमीन परत येणार नाही. तो विषय वेगळ्या ठरावाने, वेगळ्या रविवारी घ्या.

मसुदा लिहिलात की ग्रामसभेआधी तुमच्या केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याला दाखवा. आणि मे संपायच्या आत घ्या. पाऊस लागला की लिफ्टचे खड्डे उपसायला कोणी तयार नसते.